घट्टा बोटाला पडतो, मनगटाला नाही

गिटार शिकायला लागून पाचवा महिना होता. एका सकाळी आंघोळीनंतर टॉवेल पिळायला गेलो आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला अशी कळ आली की टॉवेल तसाच बादलीत टाकला. दुपारी ऑफिसात डब्याचं झाकण उघडेना. संध्याकाळी मात्र मी नेमानं गिटार घेऊन बसलो आणि एफ या कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या एका अवघड जुळणीवर, चाळीस मिनिटं घाम गाळला. इतका मूर्खपणा चौतिसाव्या वर्षी शोभत नाही. पण नव्यानं शिकणाऱ्या बऱ्याच जणांकडून तो होतो, म्हणून हे लिहितोय.

माझी तेव्हाची समजूत साधी होती. बोटं कमजोर आहेत म्हणून तार दबत नाही, म्हणून आवाज फाटतो, म्हणून बोटं मजबूत केली पाहिजेत. मी व्यायामाच्या दुकानातून मुठीत दाबायची स्प्रिंग आणली आणि मीटिंगमध्ये टेबलाखाली ती दाबत बसू लागलो. दुखणं वाढलं, तर वाटलं की आता ताकद येतेय.

शहाणपण पहिल्यांदा शिकवलं ते आत्यानं. ती तीसेक वर्षं सतार वाजवते. तिच्या डाव्या हाताच्या तर्जनीवर तारेनं पाडलेली खाच आहे, लहानपणी मी ती कौतुकानं बघायचो. मी मनगट चोळत तक्रार सांगितली, तेव्हा तिनं माझी बोटं उलटी करून पाहिली आणि म्हणाली, "अरे, घट्टा बोटाला पडतो, मनगटाला नाही. बोटाचं टोक दुखू दे, त्याला रियाज म्हणतात. मनगट दुखतंय म्हणजे तू काहीतरी चुकीचं धरलंयस."

नवशिक्यानं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी बरंच काम होईल. बोटांच्या टोकांची आग पहिले तीन-चार आठवडे होणारच. कातडी जाड झाली की ती जाते. फोड आला तर दोन दिवस थांबायचं, फोडायचा नाही, आणि आंघोळ करून आल्या आल्या मऊ पडलेल्या बोटांनी वाजवायला बसायचं नाही. पण सांध्यात, अंगठ्याच्या बुंध्याशी, मनगटात किंवा कोपरात दुखत असेल, तर ते सोसून कमी होत नाही.

मग पहिला संशय स्वतःवर घेण्याआधी गिटारवर घ्या. मी नेमकं उलटं केलं होतं. माझी गिटार ऑनलाइन मागवलेली, स्वस्तातली, खोक्यातून काढली आणि वाजवायला घेतली. कंपासपेटीतली स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर (गळ्यावरच्या आडव्या धातूपट्ट्या म्हणजे फ्रेट) उभी धरून फ्रेटचा माथा आणि सर्वांत जाड तारेची खालची बाजू यांतलं अंतर मोजलं, तर ते जवळजवळ 4 मिलिमीटर भरलं. याला अ‍ॅक्शन म्हणतात. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर जाड तारेला साधारण अडीच आणि बारीक तारेला त्याहून कमी, दोनच्या आत, असेल तर हाताला सुख वाटतं. माझ्या गिटारवर प्रत्येक कॉर्डसाठी तारा विनाकारण दीडपट खाली ढकलाव्या लागत होत्या. वाद्यदुरुस्ती करणाऱ्या एका काकांनी सॅडल, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा टेकतात ती पट्टी, घासून खाली घेतलं आणि नटच्या, म्हणजे गळ्याच्या वरच्या टोकाशी तारा बसतात त्या पट्टीच्या, खाचा किंचित खोल केल्या. नटकडे कुणी बघत नाही, पण खाचा उथळ असल्या की पहिल्याच फ्रेटवर तार दाबणं सर्वांत जड जातं, आणि नवशिक्याचं सगळं आयुष्य पहिल्या तीन फ्रेटमध्येच जातं. गिटार घेऊन परत आलो आणि त्याच रात्री एफमधल्या सहापैकी पाच तारा वाजल्या. पाच महिन्यांची 'कमजोर बोटं' एका दुपारीत सुधारली!

तारांचंही तसंच. अकूस्टिकवर बहुधा बाराचा सेट येतो, म्हणजे सर्वांत बारीक तार 0.012 इंचाची. दहाचा सेट लावला की ताण बराच उतरतो. आवाज थोडा पातळ होतो, पण वर्षभर तरी तो पातळ आवाज ऐकणारे आपण एकटेच असतो. 'बारीक तारा म्हणजे पळवाट' असं सांगणारे भेटतील. त्यांना ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडच्या गिटारवादकाची, टोनी आयोमीची गोष्ट सांगा. सतराव्या वर्षी बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तार दाबायचा हात तोच. त्यानं वितळवलेल्या प्लॅस्टिकच्या बाटलीपासून बोटांना टोप्या केल्या, बारीक तारा लावल्या, पुढे तर स्वरही खाली उतरवून तारा सैल केल्या. हेवी मेटलचा तो जडशीळ आवाज त्या सैल तारांतूनही आला. तुम्हीही अर्धा स्वर खाली लावून सराव करू शकता किंवा दुसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावू शकता. दोन्हींनी हात हलका होतो.

नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार घ्या, असा सल्ला हमखास मिळतो. तारा मऊ असतात हे खरं. पण तिचा गळा नटपाशी साधारण 52 मिलिमीटर रुंद, अकूस्टिकचा 43च्या आसपास. लहान हाताला तिथे ताणावं जास्त लागतं, म्हणजे टोक वाचतं आणि मनगट अडकतं. दुकानात दोन्ही हातात धरून बघितल्याशिवाय ठरवू नका.

गिटार सुधारली, तरी अंगठा दुखायचा थांबला नाही. आता दोष माझा होता. मी गळा असा आवळून धरत होतो जणू कुणी तो हिसकावून नेणार आहे. किती दाबायचं हे हाताला कळावं यासाठी माझ्या सरांनी एक प्रयोग करायला लावला. तारेवर बोट नुसतं टेकवायचं आणि छेडायचं, 'ठक्' असा मेलेला आवाज येतो. मग छेडत छेडत दाब कणाकणानं वाढवायचा. स्वर ज्या क्षणी स्वच्छ होतो, तिथे थांबायचं. त्यापुढचा सगळा दाब फुकट. मी नेहमी जेवढा दाबत होतो त्याच्या निम्म्यातच स्वर लागला, तेव्हा मला हसूच आलं. मात्र बोट फ्रेटच्या धातूपट्टीच्या अगदी अलीकडे, तिला जवळजवळ खेटून हवं. दोन पट्ट्यांच्या मधोमध दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "पडद्याजवळ बोट ठेवायचं हे काय सांगायला हवं?" सांगायला हवं होतं.

दुसरा प्रयोग अंगठ्याचा. कॉर्ड धरून अंगठा गळ्यावरून पूर्ण उचलायचा आणि तरीही वाजवायचं. उजव्या हाताची कोपराखालची बाजू गिटारच्या अंगावर टेकलेली असते, तिनं गिटार छातीशी किंचित दाबून ठेवायची आणि डाव्या दंडाच्या वजनानं बोटं मागे ओढू द्यायची. जमतं! म्हणजे अंगठ्याचं काम पकडण्याचं नव्हतंच, नुसतं टेकण्याचं होतं. रोज सुरुवातीला दोन मिनिटं मी अजूनही हे करतो.

मनगट का वाकतं, याचं उत्तर बहुतेकदा बसण्यात सापडतं. आपण बोटं दिसावीत म्हणून गिटारचं तोंड छताकडे झुकवतो. मग बोटांना गळ्याच्या पलीकडून वळसा घालून यावं लागतं आणि मनगट काटकोनात मोडतं. गिटार उभीच ठेवा, हवं तर समोर मोबाइलचा कॅमेरा लावून बोटं बघा. बसूनही पट्टा वापरा. मी गिटार डाव्या मांडीवर घेतो, पायाखाली घरातला जेवायचा पाट ठेवतो आणि गळ्याचं टोक खांद्याच्या उंचीपर्यंत वर नेतो. मनगट आपोआप सरळ होतं.

उजव्या हाताचं फार नाही. पिक, म्हणजे तारा छेडायची छोटी चकती, चिमटीत आवळू नका, आणि कोपराखालचा भाग गिटारच्या कडेवर रुतत असेल तर बसण्याची जागा बदला.

एफ कॉर्ड दुसऱ्या महिन्यात शिकवणं म्हणजे आधी कळस मग पाया. आडवी तर्जनी सहाही तारा दाबते असं दिसतं, पण खरं तर तिच्यावर तीनच तारांची जबाबदारी असते: सर्वांत जाड एक आणि सर्वांत बारीक दोन. मधल्या तीन तारा बाकीची बोटं सांभाळतात. हे कळल्यावर मी मधला जोर सोडला. तर्जनी सपाट न ठेवता तिच्या अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर थोडी कलती केली. आणि तोच आकार आधी पाचव्या फ्रेटवर बसवला, तिथे त्याचा ए मेजर होतो आणि तारा जास्त लवचीक लागतात. मग आठवड्याला एक-एक फ्रेट खाली. तोवर गाण्यात एफ आला की चार तारांचा छोटा एफ खुशाल वाजवा.

एवढं होऊनही टॉवेल पिळता येत नव्हता, तेव्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं. मी ओरडलो. "घरात तान्हं बाळ आहे का?" त्यांचा प्रश्न. बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना हेच दुखणं होतं म्हणे. डी क्वेरव्हेन हे त्याचं नाव, 1895 साली त्याचं वर्णन करणाऱ्या स्विस सर्जनवरून पडलेलं. अंगठ्याचे स्नायुबंध मनगटापाशी ज्या म्यानातून जातात, ते म्यान जाड होतं आणि बंध घासू लागतात. तीन आठवडे गिटार बंद, अंगठ्याला पट्टा. पुढे फिजिओथेरपिस्टकडे जाताना मी गिटार बरोबर नेली, आणि तसं तुम्हीही करा. त्यांनी मला दहा मिनिटं वाजवताना पाहिलं आणि अचानक विचारलं, "ऑफिसला कसे जाता?"

कोथरूड ते हिंजवडी, मोटारसायकलनं. जाताना-येताना मिळून दोन तास वाहतुकीत क्लच दाबायचा, सोडायचा, दाबायचा. त्यानंतर दिवसभर कीबोर्ड. त्यानंतर एफ. तिन्ही ठिकाणी राबणारा हात एकच, हे मला कधी सुचलंच नव्हतं. स्प्रिंग मी त्याच दिवशी फेकली.

आता मी बारा मिनिटं वाजवतो, पाच मिनिटं गिटार खाली ठेवतो, असं दोन-तीनदा. आठवडाभर हात न लावता रविवारी तीन तास बसणं मी पूर्ण सोडलं. सुट्टीनंतर परतलो की निम्म्या वेळेपासून सुरुवात. डिसेंबरच्या सकाळी हात गार असतील तर आधी कोमट पाण्यात धरतो. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवत नाही, कारण थांबायचं कधी हे सांगणारी एकमेव गोष्ट ती गप्प करते. बोटांना मुंग्या येणं, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, कप हातातून निसटणं यांतलं काहीही झालं तर व्हिडिओ बघत बसू नका, डॉक्टर गाठा. आणि कुठल्या बोटांना मुंग्या येतात ते नीट लक्षात ठेवून जा. अंगठा-तर्जनी-मधलं असेल तर वेगळी नस, करंगळी असेल तर वेगळी.

गेल्या श्रावणात अंगठा पुन्हा कुरकुरला. मी घाबरलो, मग कंपासपेटी काढली. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं, पुढची फळी फुगते, तारा वर उचलल्या जातात: अ‍ॅक्शन सव्वातीन झाली होती. काकांकडे एक फेरी, आणि दुखणं गेलं.

मोटारसायकल मात्र विकली. आता बिनगिअरची स्कूटर आहे. खालच्या मजल्यावरचे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगतात, "गिटारपायी गाडी विकणारा हा आमच्या सोसायटीतला पहिलाच."