फुलझाडूला कापडी कव्हर शिवताय? या चुका टाळा

दिवाळीची आवराआवर निघाली की झाडूला जुनं फडकं गुंडाळायचं, वर रबर चढवायचं आणि भिंती-छत झाडायला लागायचं, ही पद्धत इंदूरच्या मराठी घरांना नवी नाही. फडकं दहाव्या फटकाऱ्याला निसटतं, म्हणून अनेकजणी मोजून-मापून कव्हर शिवतात. तेही फसतं: झाडूवर चढत नाही, चढलं तर दांड्याभोवती फिरतं, काड्या कापडातून बाहेर येतात, एका धुण्यात आखडतं. यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ शिलाईत नसून कापड बेतण्यात असतं. म्हणून या लेखात मापांना जास्त जागा दिली आहे.

आधी झाडू कोणती ते बघा

कव्हर फुलझाडूलाच शोभतं. तिला लांब दांडा आहे, आवळायला मान आहे आणि खाली पसरट, मऊ पिसारा आहे. खजुरीच्या पानांच्या बुटक्या केरसुणीला मानच नसते, त्यामुळे नेफा बसायला जागा मिळत नाही. खराट्याचे हीर कुठलंही कापड दोन दिवसांत फाडतात, त्याच्या वाटेला जाऊ नका.

कव्हर लावलेली झाडू कोरडी बारीक धूळ, जळमटं, केस आणि दिवाणाखालचे धुळीचे पुंजके उचलते. सांडलेली शेव किंवा तांदळाचे दाणे तिच्याने निघत नाहीत, कारण काड्या झाकल्या गेल्यावर दाणा कापडाखालून घरंगळतो. रोजचा केर नेहमीसारखा उघड्या झाडूने काढायचा आणि मग कव्हर चढवायचं.

नवी कोरी झाडू लगेच कव्हरात घालणं हीसुद्धा एक चूक. तिचा भुसा आत साचतो, तळाशी गोळा होतो आणि कव्हर एका बाजूला लोंबायला लागतं. आधी अंगणात झाडू उलटी धरून हातावर आपटा, जुन्या कंगव्याने मानेकडून टोकाकडे विंचरा. भुसा बराच कमी झाला की मगच माप घ्या. भुसा झडल्यावर घेरही थोडा उतरतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा.

माप: एकाच आकड्यावर भागवू नका

सगळ्यात जास्त कव्हरं इथे बिघडतात. झाडू जमिनीवर ठेवून तिची रुंदी मोजायची, त्यात एक इंच मिळवून उशीच्या अभ्र्यासारखी चौकोनी पिशवी शिवायची, असा प्रकार असतो. पिसाऱ्याला जाडी आहे हे त्यात राहूनच जातं. पाच मापं घ्या. झाडू खुंटीला टांगलेली असताना घेतली तर पिसारा दबत नाही आणि माप खरं येतं.

पहिलं, पिसारा सर्वांत रुंद असेल तिथला घेर, टेप भोवती फिरवून. दुसरं, तिथलीच जाडी. तिसरं, लांबी, ही बांधणीच्या वर एक इंचापासून टोकापर्यंत घ्यायची. चौथं, त्याच वरच्या जागेचा, म्हणजे मानेचा घेर. पाचवं माप कुणी घेत नाही आणि त्यावाचूनच अडतं: पिसारा मुठीत गच्च आवळून धरल्यावर उरणारा घेर. कव्हराचं तोंड या पाचव्या मापापेक्षा तीन इंचांनी मोठं हवं. मानेच्या मापाचं तोंड ठेवलंत तर कव्हर कधीच चढणार नाही. आणि पसरलेल्या घेराएवढं ठेवलंत तर मानेशी चुण्यांचा एवढा जाड गोळा होतो की नाडी घट्ट बसत नाही.

एक उदाहरण धरू. घेर ३० इंच, जाडी अडीच, लांबी १८, मान ६, मुठीतला घेर १४.

खालची रुंदी: घेराचा अर्धा १५, सैलपणा १, दोन्ही कडांची माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) मिळून १. म्हणजे १७ इंच.

वरची रुंदी: तोंड १४ अधिक ३, म्हणजे १७; त्याचा अर्धा साडेआठ, अधिक माया १. म्हणजे साडेनऊ इंच.

लांबी: १८, टोकाशी मोकळीक अर्धा इंच, तळाची माया अर्धा, नेफ्याची दुमड दीड आणि तळाच्या कोपऱ्यांसाठी सव्वा. बेरीज पावणेबावीस इंच.

असे दोन तुकडे लागतात. ३६ इंच पन्ह्याच्या कापडात दोन्ही शेजारी-शेजारी बसतात, त्यामुळे पाऊण मीटर कापड पुरतं आणि धुऊन आटल्यावरही कमी पडत नाही. झाडूचं पोट मध्येच फुगीर असेल, तर मानेपासून ९ इंचांवर आणखी एक घेर घेऊन तुकड्याची कड तिथे बाहेर काढा. सरळ तिरकी रेघ मारलीत तर कव्हर नेमकं पोटावर अडकेल.

कापताना होणाऱ्या दोन चुका

तुकडा वर निमुळता आहे. तो कडेपासूनच तिरका कापला, तर नेफा आत दुमडताना वरची अरुंद कड खालच्या रुंद भागावर येते, पुरत नाही आणि नेफा ओढल्यासारखा शिवला जातो. त्यातून नाडी सरकत नाही. म्हणून वरचे ३ इंच सरळ, साडेनऊ इंच रुंदीचेच ठेवा आणि उतार तिथून खाली सुरू करा.

दुसरी चूक म्हणजे कापड वाचवण्यासाठी तुकडा उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, कापणं. उरेब कापड ओढलं की लांबतं, आणि झाडताना कव्हर सतत टोकाकडेच ओढलं जातं. चार दिवसांत ते खाली लोंबायला लागतं. कापडाचा उभा धागा झाडूच्या लांबीशी समांतर हवा. जुना टी-शर्ट वापरत असाल तर ताण रुंदीत येऊ द्या, लांबीत नको.

कापड कोणतं

भिंती, छत, सागवानी तुळया आणि कपाटांच्या माथ्यांसाठी सुती फ्लॅनेलसारखं कापड नाही. लवदार बाजू बाहेर. फरशी आणि कोटा स्टोनवरच्या केसांसाठी मायक्रोफायबर उत्तम, मात्र जाडजूड घेऊ नका. जड कापड पिसारा दाबून टाकतं आणि झाडूचा लवचीकपणा जातो. टर्किश टॉवेलचे फास खरबरीत गिलाव्यात अडकून ओढले जातात. नायलॉन आणि जॉर्जेटच्या जुन्या साड्या चढतात छान, पण त्यांना धूळ चिकटत नाही, ती पुढे ढकलली जाते. पॉलिस्टरची अडचण वेगळीच आहे: इंदूरच्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत ते घासलं की भारित होतं, धूळ ओढून घेतं आणि झटकलं तरी सोडत नाही. दर वेळी धुवायची तयारी असेल तरच घ्या.

इंदूरच्या एम. टी. क्लॉथ मार्केटचा व्यवहार मुख्यतः घाऊक. पाऊण मीटरसाठी राजवाडा आणि सीतलामाता बाजाराच्या बाजूची किरकोळ दुकानं सोयीची, कटपीस मिळाला तर आणखी बरं. रंग फिका घ्या. गडद कापडावर मळ दिसत नाही, आणि मळलेलं कव्हर भिंतीवर पट्टे ओढत जातं.

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. पावणेबावीस इंचांवर तो फरक सहज एक इंच होतो, म्हणजे टोकाची मोकळीक आणि वर आणखी थोडं गेलंच. कापण्याआधी रात्रभर पाण्यात बुडवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. मायक्रोफायबरला याची गरज नाही.

काड्या बाहेर येतात

फुलझाडूची टोकं मऊ वाटतात, पण झडलेल्या फुलांच्या जागी उरलेली बारीक काडी सुईसारखी असते. ती तळाच्या चार इंचांतच कापड भेदते. पूर्ण अस्तर लावल्याने कव्हर जड होतं; तळाशी आतून मांजरपाटाची ४ इंच रुंद पट्टी लावली की काम होतं. दोन्ही तुकड्यांना, ते एकमेकांना जोडण्याआधी.

या पट्टीची वरची कड हा खरा सापळा. कव्हर चढवताना काड्या वरून खाली येतात आणि कड सुटी असेल तर थेट पट्टी आणि कापड यांच्या मध्ये घुसतात. मग तळ रिकामा राहतो, काड्या वाकतात आणि झाडू एका बाजूला कलते. कड पाव इंच आत दुमडा आणि टीप अगदी दुमडीच्या काठावर मारा, कडेपासून एका सुताच्या, म्हणजे १/८ इंचाच्या, आत. नख फिरवून बघा. नख अडकलं तर काडीही अडकेल.

बाजूच्या शिलाईलाही हाच नियम. आत मोकळी माया राहिली तर काड्या दशांत गुंततात. त्यासाठी दुहेरी शिलाई घाला: तुकड्यांच्या सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर पहिली टीप, दशा छाटायच्या, कव्हर उलटवून पुन्हा पाव इंचावर दुसरी. धरलेली अर्धा इंच माया यात बरोबर संपते. दोरा पॉलिस्टरचा, सुई १४ नंबरची. तळाशी थर वाढतात तिथे १६ नंबरची लावा, नाहीतर टाके सुटतात.

तळाचे कोपरे टोकदार ठेवू नका. झाडू तिथपर्यंत पोचत नाही, कापडाचे कान लोंबतात आणि त्यांत धूळ भरते. कव्हर उलटं असताना बाजूची आणि तळाची शिलाई एकमेकींवर आणून कोपऱ्याचा त्रिकोण करा आणि झाडूच्या जाडीएवढी, म्हणजे अडीच इंच लांबीची, आडवी टीप मारा. टोक कापून टाका. लांबीत मिळवलेला सव्वा इंच इथे खर्ची पडतो. तो न धरता कोपरे मारलेत तर नेफा बांधणीच्या खाली घसरेल.

कव्हर फिरतं, निसटतं

नेफा नेहमी बांधणीच्या वर. तिथे आवळलेली नाडी खाली यायला निघाली तर मानेखालच्या फुगवट्यावर अडते. नेफा फुगवट्यावरच आला तर तिला अडवणारं काही उरत नाही.

इलॅस्टिक सोपं वाटतं, तरी नाडीच घाला. इलॅस्टिक मुठीतल्या १४ इंचांपर्यंत ताणायचं आणि परत ६ इंचांवर घट्ट बसायचं, हे रोज झालं की ते लवकर सैल पडतं. वेल्क्रोच्या आकड्यांत केस आणि लव भरते. नाडी ३० इंचांची पुरे. तिच्यासाठी पुढच्या तुकड्यावर वरच्या कडेपासून सव्वादोन इंचांवर, एक इंच अंतराने दोन काजं करा, मागे मांजरपाटाचा तुकडा लावून. काजं नेफा दुमडण्याआधी करायची. नंतर केलीत तर दोन्ही थर कापले जातात. दुमड वर पाव इंच आणि मग सव्वा इंच.

एवढं करूनही गुळगुळीत प्लॅस्टिकच्या दांड्यावर कव्हर गोल फिरतं. इलाज असा: बांधणीच्या लगेच खाली दाभणाने काड्यांच्या मधून एक फूटभर नाडी आरपार काढा, काडी न चिरता. दोन्ही बाजूंना सारखी टोकं ठेवा. कव्हर चढवल्यावर पुढचं टोक तोंडातून वर काढून नेफ्याच्या नाडीला बांधा; मागचं टोक मागच्या तुकड्यावर नेफ्याखाली शिवलेल्या छोट्या लूपमध्ये अडकवा. ही नाडी झाडूवर कायमची राहू द्या. बांधणी तारेची असेल तर तारेचं टोक आधी पक्कडीने आत वळवा आणि वर कापडी पट्टी गुंडाळा. नेफा बहुतेकदा त्या तारेनेच फाटतो.

चढवताना आणि वापरताना

टोकाकडून मानेकडे कापड ओढलं की पिसारा उलटा फुलतो आणि मोडतो. वर्तमानपत्राचा कागद पिसाऱ्याभोवती नळीसारखा गुंडाळा, त्यावरून कव्हर सरकवा आणि मग कागद मानेकडून वर ओढून काढा. काढताना ही कसरत लागत नाही.

कव्हर ओलं करून पोछ्यासारखं वापरू नका. आतल्या काड्या लवकर वाळत नाहीत, काळ्या पडतात, कुबट वास येतो. पावसाळ्यात तर बुरशी धरते. धुतलेलं कव्हर पूर्ण वाळल्याशिवाय झाडूवर चढवायचं नाही, म्हणून दोन कव्हरं हवीतच. स्वयंपाकघरातल्या पंख्यासाठी आणि एक्झॉस्टजवळच्या भिंतीसाठी तिसरं वेगळं ठेवा: तेलकट धूळ एकदा लवेत बसली की तेच कव्हर बैठकीच्या भिंतीवर पिवळट डाग उमटवतं. पंखा पुसण्याआधी बटण बंद करून पाती पूर्ण थांबू द्या.

वापर झाला की कव्हर उलटवून झटका. आतला भुसा सुक्या कचऱ्यात जाऊ द्या. सुती कव्हर कोमट पाण्यात, तेलकट असेल तर चमचाभर धुण्याचा सोडा घालून. मायक्रोफायबरला सॉफ्टनर नको, त्याने धागे माखले जातात आणि धूळ पकडली जात नाही. गरम इस्त्रीही नको.

झाडू कव्हरासकट टोकांवर उभी करून ठेवली तर काड्या एका बाजूला कायमच्या वाकतात आणि पुढच्या वेळी कव्हर तिरकंच बसतं. दांड्याच्या कडीने टांगा. तळाच्या पट्टीला छिद्रं दिसायला लागली की तेवढीच पट्टी उसवून नवी लावा. वरचं फ्लॅनेल तोवर चांगलंच असतं.