हेतुचक्राचं पाचवं घर

आमच्या घरी रोज संध्याकाळी बुद्धवंदना व्हायची. त्यामुळे पुण्यात एम.ए.ला बौद्ध तर्कशास्त्र घेतलं तेव्हा वाटलं, अर्धा अभ्यास घरीच झालाय. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "बुद्ध ठाऊक, बाबासाहेब ठाऊक. हा धर्मकीर्ती कोण गं?" खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. तो बौद्ध तर्कशास्त्रातला मोठा आचार्य, हे पुढे कळलं.

बी.ए.ला पाश्चात्त्य तर्कशास्त्र झालं होतं, म्हणून त्याच परंपरेतल्या, त्याच्या आधीच्या दिङ्नागाचं हेतुचक्र दिसताच मी वेन आकृत्या (एकमेकांत शिरणारी वर्तुळं) काढायला बसले. युक्तिवादात दिलेलं कारण, म्हणजे हेतू, पारखायचा हा नऊ घरांचा तक्ता आहे. जे सिद्ध करायचं ते साध्य. साध्य जिथे नक्की आहे ती ठिकाणं म्हणजे सपक्ष, जिथे नक्की नाही ती विपक्ष. हेतू सपक्षात सगळीकडे, कुठे कुठे, की कुठेच नाही? विपक्षात? तीन त्रिक नऊ. त्यातली दुसरं आणि आठवं ही दोनच घरं खरी. चौथं-सहावं भलतंच, उलटंच सिद्ध करतात. उरलेली पाच डळमळीत.

आठ घरांच्या आकृत्या झटक्यात झाल्या. पाचव्याशी अडले. 'शब्द (म्हणजे ध्वनी) नित्य आहे, कारण तो ऐकू येतो.' ऐकू येणं ध्वनीखेरीज कुठेच नाही, म्हणून सपक्षही रिकामा, विपक्षही रिकामा. माझ्या आकृतीत 'ऐकू येणारं ते सगळं नित्य' हे गृहीत धरलं की निष्कर्ष बिनचूक निघत होता. दिङ्नाग मात्र हा हेतू बाद करतो. ज्याच्याबद्दल वाद चाललाय तो पक्ष त्याने आधीच बाजूला काढून ठेवलेला असतो, आणि बाहेर पुरावा म्हणून दाखवायला काहीच उरत नाही. त्याच हेतूने ध्वनी अनित्यही ठरवता येईल! सरांनी माझ्या वहीत पेन्सिलीने लिहिलं, "आकृती बरोबर. पण ज्ञान झालं का?"

त्या ओळीने माझं पुढचं वर्ष खाल्लं. 'सगळे मासे उडतात, बांगडा मासा आहे, म्हणून बांगडा उडतो' हा आकारिक तर्कशास्त्रात वैध युक्तिवाद. धर्मकीर्तीकडे हे अनुमानच नव्हे. त्याच्याकडे अनुमान हे प्रमाण आहे, ज्ञानाचं साधन. आकार एकीकडे आणि वस्तुस्थिती दुसरीकडे, अशी वाटणी तिथे होतच नाही. नवीन विद्यार्थ्याने ही दरी बुजवायची घाई करू नये. जुळवाजुळव करणारे निबंध मार्क मिळवतात, पण त्यातून पुढचा प्रश्न निघत नाही.

जुळवाजुळवीची हीच चूक मी बोधविज्ञानात (मन कसं जाणतं याच्या शास्त्रात) पुन्हा केली. दिङ्नागाच्या मते प्रत्यक्ष म्हणजे कल्पनारहित ज्ञान. बौद्ध आचार्यांचं उदाहरण असं, की मनात घोड्याचा विचार चालू असतानाही समोरची गाय दिसते, म्हणजे कल्पनेवाचून पाहणं शक्य आहे. मी सेमिनारमध्ये ठोकून दिलं, की विज्ञानानेही हे सिद्ध केलंय. मागून कुणीतरी सायमन्स आणि शाब्रिस यांचा 1999चा प्रयोग काढला. चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या निम्म्या प्रेक्षकांना पडद्यावरून चालत गेलेला गोरिला दिसलाच नव्हता. माझी गाय तिथेच बसली. पुढे कळलं, की मुद्दा इतक्यात संपत नाही. गोरिला दिसलाच नाही, की दिसला पण 'हा गोरिला' असा निश्चय झाला नाही? धर्मकीर्तीच्या ग्रंथावरच्या धर्मोत्तराच्या टीकेत, म्हणजे विवरणात, हा दर्शन आणि निश्चय यांतला फरक भेटतो.

थोडं व्यवहाराचं. सुरुवात धर्मकीर्तीच्या न्यायबिंदूने करा, धर्मोत्तराची टीका सोबत ठेवून. तीनच परिच्छेद आहेत आणि सूत्रं आटोपशीर. त्याच्याच मोठ्या ग्रंथाला, प्रमाणवार्तिकाला, लगेच हात घालू नका. संस्कृत टाळता येणार नाही. पाली येत असेल तर उत्तमच, पण हे ग्रंथ पालीत नाहीत. संशोधन करायचं असेल तर तिबेटीही लागेल, कारण या परंपरेतलं बरंच काही तिबेटी भाषांतरातच उरलंय. प्रमाणवार्तिकाची संस्कृत हस्तलिखितंसुद्धा राहुल सांकृत्यायनांना तिबेटात सापडली.

प्राध्यापकीसाठी लागणारी नेट परीक्षा तत्त्वज्ञानात द्यायची, की 'बौद्ध, जैन, गांधीवादी आणि शांतता अध्ययन' या विषयात, हे एम.ए.ला प्रवेश घेतानाच ठरवा. पुढे जाहिरातीतली पात्रता त्यावरच अडते. 'आधी इगतपुरीला विपश्यनेला जाऊन ये' असंही सगळे सांगतात. मी दहा दिवस बसून आले. चांगलं वाटलं, पण अपोहवाद (शब्दाचा अर्थ 'इतर सगळं वगळून' ठरतो हे मत) काही उलगडला नाही. तिथे वही-पेनही चालत नाही.

माझा प्रबंध सध्या त्या गाईपाशीच अडलाय. आजी फोनवर विचारते, "धर्मकीर्ती झाला का?"