वॉरंटीतल्या गाडीचं इंजिन पुन्हा पुन्हा बिघडतंय? या चुका टाळा

नव्या गाडीचा 'चेक इंजिन'चा पिवळा दिवा तिसऱ्यांदा लागतो. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणतो, "सर, सॉफ्टवेअर अपडेट मारलाय, आता चालवून बघा." तुम्ही चालवता, आणि पंधरा दिवसांनी घाटात गाडी पुन्हा दम टाकते. इथून पुढे लोकांचे दोन तट पडतात. काही जण वॉरंटी संपेपर्यंत निमूटपणे खेटे घालतात, तर काही जण शोरूममध्ये आवाज चढवून "मला नवीन गाडीच पाहिजे" असा हट्ट धरतात. नुकसान दोघांचंही होतं, कारण ग्राहक आयोगासमोर उभं राहायची वेळ येते तेव्हा दोघांच्याही हातात कागद नसतो.

आधी एक गैरसमज दूर करू. अमेरिकेतल्या राज्यांमध्ये 'लेमन लॉ' असतात. तिथे अमुक वेळा दुरुस्ती फसली की गाडी बदलून द्यायची किंवा पैसे परत करायचे, असा हिशेब कायद्यातच दिलेला असतो. त्यावरचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही तीन दुरुस्त्यांनंतर नवी गाडी मिळते असं लोक ठामपणे सांगतात. आपल्याकडे असा आकडा कुठल्याही कायद्यात नाही. आपला आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात मालातला दोष आणि सेवेतली त्रुटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींसाठी दाद मागता येते. पण बिघाड वारंवार झाला हे तुम्हालाच दाखवावं लागतं.

जॉब कार्ड न वाचता सही करणं

जॉब कार्ड म्हणजे गाडी वर्कशॉपला देताना तुमची तक्रार नोंदवतात तो कागद. सगळ्यात महाग पडणारी चूक ही, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

तुम्ही सांगता, "चढावर गाडी ओढत नाही, आरपीएम वाढतो पण वेग वाढत नाही, मग दिवा लागतो." जॉब कार्डवर येतं: 'जनरल चेकअप' किंवा 'पिकअप कमी'. पुढच्या खेपेला हीच तक्रार 'इंजिन नॉइज' होते, त्याच्या पुढच्या खेपेला 'वॉशिंग आणि चेक'. दोन वर्षांनी वकील हे सगळे कागद पुढे मांडतो तेव्हा एकच दुखणं पाच वेळा आल्याचं कुठेच दिसत नाही. दिसतात त्या पाच किरकोळ, एकमेकींशी संबंध नसलेल्या भेटी. कंपनीचा वकील नेमकं तेच बोट ठेवून दाखवतो.

म्हणून तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या आणि दर खेपेला तेच शब्द वापरा. त्रास केव्हा होतो तेही त्यात यायला हवं: सकाळी थंड इंजिन चालू करताना, एसी चालू असताना, ऐंशीच्या वर वेग गेल्यावर, की कसारा किंवा खंबाटकीसारख्या घाटात. "यापूर्वी याच तक्रारीसाठी अमुक तारखेला गाडी आणली होती" ही ओळ लिहायला लावा. अ‍ॅडव्हायझर कुरकुर करेल, सिस्टीममध्ये तेवढी जागाच नाही म्हणेल. मग सहीशेजारी पेनाने लिहा, फोटो काढा आणि त्याच दिवशी वर्कशॉपला व कंपनीच्या ग्राहकसेवा विभागाला तो मजकूर ईमेल करा. फोनवर झालेलं बोलणं पुढे कोणाला आठवत नाही.

गाडी परत घेतानाचा कागद तर बहुतेक जण मागतच नाहीत. वॉरंटीचं काम फुकट असतं, त्यामुळे "बिल कशाला?" असं वाटतं. पण शून्य रुपयांचं बिलही बिलच असतं. इंजेक्टर बदलला, टर्बो उघडला, टायमिंग चेन बदलली, हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. ते हाती आल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका.

फॉल्ट कोडचंही तसंच आहे. गाडी स्कॅनरला लावली की बिघाडाचा सांकेतिक कोड दिसतो, दुरुस्ती झाली की तो पुसला जातो, आणि त्याबरोबर तुमचा पुरावाही पुसला जातो. कोड पुसण्याआधी स्कॅन रिपोर्टची प्रत मागा. नाही म्हणाले तर स्क्रीनचा फोटो काढा. डॅशबोर्डवर दिवा दिसतोय आणि ओडोमीटरचा आकडाही दिसतोय, असा व्हिडिओ स्वतःकडे ठेवा. 'नो प्रॉब्लेम फाउंड' असा शेरा मारून गाडी परत देत असतील तर टेक्निशियनला शेजारी बसवून, जिथे त्रास होतो तिथे फेरी मारा आणि काय झालं ते कार्डवर नोंदवून घ्या.

आणि ते 'ग्राहक पूर्ण समाधानी' असं छापलेलं पत्रक पुढे येतं ना, त्यावर डोळे झाकून सही करू नका. 'गाडी ताब्यात घेतली, दोष गेला की नाही हे चालवल्यावर कळेल' असं लिहून सही केली तर कोणाचंही काही बिघडत नाही.

'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट' म्हटलं की सिद्ध झालं, असं समजणं

तक्रारीत हा शब्द दहा वेळा लिहिला म्हणून दोष सिद्ध होत नाही. ओळखीच्या मेकॅनिकची चिठ्ठीही सहसा पुरत नाही. तपासणीशिवाय ठरवता येणार नाही असा दोष असेल तर आयोग माल योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. कायद्याच्या कलम ३८ मध्ये ती तरतूद आहे आणि अहवालासाठी ४५ दिवसांची मुदत आहे. तपासणीची फी आधी तक्रारदाराला भरावी लागते. तरीही हा अर्ज वेळेवर करा. सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ऑटोमोबाइल विभाग किंवा वाहनांची चाचणी करणाऱ्या पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था तुम्ही सुचवू शकता. निवड आयोग करतो.

तज्ज्ञाच्या अहवालाला किती वजन असतं ते फियाट इंडियाविरुद्धच्या खटल्यात दिसलं. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने गाडीत उत्पादनदोष आहे का हा प्रश्न स्वतंत्र तांत्रिक तज्ज्ञाच्या मतावर सोडला. मूळ उत्पादनदोष निघाला तर गाडीची किंमत, आजीवन कर आणि हप्ते १२ टक्के व्याजासह परत द्यायचे, असं सांगितलं.

तपासणी लांबत गेली की गाडी चालत राहते आणि ओडोमीटर तुमच्याविरुद्ध साक्ष देऊ लागतो. "चाळीस हजार किलोमीटर पळालेल्या गाडीत कसला आलाय उत्पादनदोष?" हा कंपन्यांचा ठरलेला युक्तिवाद आहे, आणि तो बऱ्याचदा चालतोही.

फक्त नवी गाडीच मागणं

राग समजण्यासारखा आहे, पण २००६ साली मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर त्यावरून अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. ग्राहकाला भरपाई मिळाली, गाडी मिळाली नाही. म्हणून मागण्या उतरत्या क्रमाने लिहा: गाडी बदलून द्यावी किंवा व्याजासह किंमत परत करावी, ते शक्य नसेल तर इंजिन असेंब्ली बदलून वाढीव वॉरंटी द्यावी, तेही नाही तर दोष कायमचा दूर करून त्रासाची, पर्यायी प्रवासाची आणि दाव्याच्या खर्चाची भरपाई द्यावी. जे मागितलंच नाही ते मिळण्याची आशा कमीच.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण बीएमडब्ल्यूचं. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या एका कंपनीने घेतलेली गाडी काही दिवसांतच बिघडली. प्रकरण फसवणुकीच्या फौजदारी तक्रारीपर्यंत गेलं. २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने नवी गाडी द्यायला सांगितलं. उत्पादक तयार होता, ग्राहक नव्हता. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाला ५० लाख रुपये द्यायला सांगून विषय मिटवला. रक्कम मोठी वाटते, पण मधली वर्षं मोजा. सदोष इंजिनासाठी पोलीस ठाण्याचा रस्ता धरणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही.

एकालाच प्रतिवादी करणं

डीलर म्हणतो दोष कंपनीचा, कंपनी म्हणते दुरुस्ती डीलरने नीट केली नाही. या टोलवाटोलवीत न अडकता दोघांनाही पक्षकार करा, आणि कोणाची चूक कोणती तेही वेगवेगळं लिहा. गोव्यातल्या एका ग्राहकाला २००९ ची, काही किलोमीटर चाललेली गाडी २०११ मध्ये नवी म्हणून विकली गेली होती. त्या खटल्यात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने टाटा मोटर्सला जबाबदारीतून मोकळं केलं, कारण डीलरने काय केलं हे उत्पादकाला माहीत होतं असं ग्राहकाने मांडलंच नव्हतं. इंजिनाच्या बाबतीत मात्र उत्पादकाची बाजू इतकी सहज सुटत नाही. लेखी वॉरंटीप्रमाणे उत्पादन नसेल तर निष्काळजीपणा झाला नाही असं सांगूनही उत्पादकाला सुटता येत नाही, हे कलम ८४ सांगतं.

कंपनीला आयतं कारण देणं

सर्व्हिस चुकवणं, बाहेरून सीएनजी किट बसवणं, ईसीयू रीमॅप करणं (म्हणजे इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं), परस्पर हेडलाइटची वायरिंग कापणं: यातलं काहीही केलं असेल तर इंजिनाचा दोष बाजूला राहतो आणि तुमच्यावरच खटला चालल्यासारखं होतं. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मोठा दंड ठोठावताना, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवर बोट ठेवलं होतं. तो वाद पुढे अपिलांत गेला. त्या भरवशावर वॉरंटीतली गाडी गल्लीतल्या गॅरेजात उघडू नका.

'इंधनात भेसळ' हे दुसरं आवडतं कारण. तोंडी सांगितलं तर मान्य करू नका. नमुना कधी, कुठून घेतला आणि कुठे तपासला, हे लेखी मागा. स्वतःकडे पंपाच्या पावत्या ठेवा. पंपावर मागितल्यास फिल्टर पेपरची चाचणी करून द्यावी लागते, तीही शंका येईल तेव्हा मागा.

बीएस-६ डिझेलमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदला की "तुमची गाडी चालवायची पद्धत चुकते" असं सांगतात. यात तथ्य असू शकतं. रोज चार-पाच किलोमीटरच गाडी फिरली तर फिल्टरमधली काजळी जळून जायला संधी मिळत नाही. पण विकताना हे सांगितलं होतं का, मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय, आणि हायवेवर चालवूनही दिवा लागतो का, हे तपासा. तुमचं रोजचं अंतर विचारूनच कुणी डिझेल गळ्यात मारलं असेल तर तेही तक्रारीत लिहा. पावसाळ्यात पाण्यात गाडी घालून इंजिनात पाणी गेलं असेल तर मात्र तो वॉरंटीचा विषय नाही. तिथे विम्यातलं इंजिन प्रोटेक्शन कामाला येतं.

मुदत, ठिकाण आणि हप्ते

तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दावा लागतो. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. आणि त्रास सुरू आहे तर वॉरंटी संपण्याआधी एकदा तरी तो जॉब कार्डवर चढलाच पाहिजे.

बिलावर 'फक्त पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात' असं छापलेलं पाहून लातूरचा माणूस कचरतो. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्या जिल्हा आयोगातही तक्रार करता येते. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग. फी नाममात्र: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. कधीकधी तेवढ्यानेही वरचा अधिकारी फोन करतो.

टॅक्सी-रिक्षावाल्यांना "तुम्ही ग्राहकच नाही" असं ऐकवलं जातं. स्वतः चालवून त्यावर पोट भरणारा माणूस कायद्याने ग्राहकच आहे. कंपनीच्या नावावरची पण संचालकाच्या खासगी वापराची गाडीसुद्धा व्यापारी हेतूची ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये मर्सिडीजच्या खटल्यात सांगितलं. दहा गाड्यांचा ताफा चालवणाऱ्याने मात्र आधी वकिलाशी बोलावं.

गाडी वर्कशॉपमध्ये पडून आहे म्हणून बँकेचे हप्ते थांबवू नका. कर्जाचा करार बँकेशी आहे आणि सिबिल तुमचा बिघडतो. आयोगाने पैसे परत द्यायला सांगितलं तर गाडीही परत करावी लागते, त्यामुळे कर्जखात्याचा उतारा, दोन्ही चाव्या, आरसी आणि विम्याची कागदपत्रं एका फाइलमध्ये असू द्या. जिल्हा आयोगाच्या आदेशाविरुद्ध कंपनीला ४५ दिवसांत अपील करता येतं, पण त्यासाठी आदेशातली निम्मी रक्कम आधी जमा करावी लागते. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर कलम ७२ खाली अर्ज करा. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.