११२ ला फोन लावल्यावर जागा नेमकी कशी सांगावी

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या हेल्पलाइनच्या याद्या पाठ करू नका, ऐनवेळी त्यातलं काही आठवत नाही. पोलीस, आगीचा बंब, ॲम्ब्युलन्स, काहीही हवं असो, ११२ लावा. नुसती ॲम्ब्युलन्स हवी असेल तर महाराष्ट्रात थेट १०८. याखेरीज दोनच नंबर जपा: सिलिंडरच्या गॅसगळतीसाठी १९०६ (फोन घराबाहेर पडून करा, आतून नको) आणि ऑनलाइन पैसे लुबाडले गेले तर १९३०.

१. फोन लावा. मोबाइल लॉक असला तरी स्क्रीनवरच्या ‘इमर्जन्सी’मधून ११२ लागतो.

२. काय झालं ते नंतर, आधी जागा. बहुतेक फोन इथेच फसतात. ११२ चा फोन नवी मुंबईत किंवा नागपुरात उचलला जातो. ‘मारुतीच्या देवळापुढे, पाटलांच्या वाड्याजवळ’ याचा तिथे काडीचा उपयोग नाही. जिल्हा, तालुका, गाव आणि मग खूण, याच क्रमाने सांगा. राज्यात वडगाव न् पिंपळगाव किती आहेत ते आठवा. ‘लोकेशन त्यांना आपोआप दिसतं’ या भरवशावर तर मुळीच राहू नका. नुसत्या टॉवरवरून काढलेली जागा खेड्यात काही किलोमीटरनेही चुकू शकते.

हायवेवर असाल तर किलोमीटरचा दगड शोधा. पिवळ्या डोक्याचा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरव्या डोक्याचा राज्य महामार्गाचा. त्यावरचा आकडा वाचा आणि गाडी कुठून कुठे जाणाऱ्या लेनवर आहे तेही सांगा. मध्ये दुभाजक असला आणि बाजू चुकली, तर ॲम्ब्युलन्सला पुढून वळसा घालून यावं लागतं.

दगडही दिसत नसेल तर गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्याजवळ बोट दाबून धरा. दोन आकडे येतात, ते एकेक अंक करून वाचा. महाराष्ट्रात पहिला १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान असतो. तसं नसेल तर क्रम उलटा झालाय. दशांश चिन्हापुढचे चार अंक पुरेत, जागा दहा-अकरा मीटरपर्यंत नेमकी कळते. ठिपक्याभोवतीचं फिकट वर्तुळ मोठं दिसत असेल तर उघड्या आभाळाखाली येऊन ते आक्रसू द्या.

३. जखमी किती, श्वास चालू आहे का, कोणी अडकलंय का. रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १३४-अ त्यासाठीच आहे.

४. ११२ वरचा माणूस ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. नंतरही लाइन मोकळी ठेवा, ड्रायव्हरचा फोन अनोळखी नंबरवरून येतो. नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा. सोसायटी असेल तर एकाला गेटवर पाठवा आणि आग नसेल तर लिफ्ट तळमजल्यावर थांबवून ठेवा.