रीब्रँडिंगच्या कामात नव्याने येताय? आधी यादी, मग लोगो

रीब्रँडिंग म्हटलं की सगळ्यांचं लक्ष लोगोकडे जातं. नवख्या माणसाच्या वाट्याला मात्र यादी येते: जुनं नाव किंवा चिन्ह जिथे जिथे आहे ती प्रत्येक जागा. वेबसाइट, पाट्या, पॅकिंग कुणीही आठवून सांगतं. राहून जातात ती इनव्हॉइसची टेम्प्लेट्स, फोन उचलल्यावर वाजणारं रेकॉर्डिंग, अ‍ॅप स्टोअरमधलं नाव आणि ग्राहकाच्या बँक स्टेटमेंटवर उमटणारं नाव. हे शेवटचं फार महागात पडतं. अनोळखी नावाने पैसे कापलेले दिसले की ग्राहक थेट बँकेकडे तक्रार करतो. म्हणून यादीत प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने हवेतच: जबाबदार कोण, बदलायला किती दिवस, जुना साठा किती.

त्याहून अवघड काम म्हणजे काय बदलायचं नाही ते ठरवणं. ट्रॉपिकानाने जानेवारी २००९ मध्ये पाकिटावरचं स्ट्रॉ खोचलेलं संत्रं काढून रसाचा ग्लास आणला. आतला ज्यूस तोच. पण शेल्फसमोरचा माणूस नाव वाचत बसत नाही, संत्रं दिसलं की त्याचा हात जातो. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीने जुनं पाकीट परत आणलं.

तेव्हा चाचणीत ‘आवडलं का?’ हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर कशाच्याच कामाचं नसतं. नाव झाका, रंग, चिन्ह, आकार, अक्षरांचं वळण एकेक करून दोन-तीन सेकंद दाखवा आणि ‘हे कुणाचं?’ एवढंच विचारा. जो घटक एकट्याने ओळखला जातो, त्याला हात लावायचा नाही. मास्टरकार्डने २०१९ मध्ये चिन्हातून नाव काढलं, पण एकमेकांत गुंतलेली दोन वर्तुळं ठेवली.

परिणामाची मोजणी घोषणेच्या किमान तीन महिने आधी सुरू करा. न सुचवता नाव आठवणारे किती, नावाने होणारे सर्च किती, तक्रारी किती. धंदा हंगामी असेल तर मागच्या वर्षीचे तेच महिने घ्या. जुन्या आणि नव्या नावाचे सर्च एकाच आलेखावर ठेवा. पहिल्या आठवड्यातली उसळी कुतूहलाची असते, तिच्यावर प्रेझेंटेशन करू नका. त्याच महिन्यात किंमत किंवा जाहिरातीचं बजेट बदललं, तर कशामुळे काय झालं ते कुणालाच सांगता येणार नाही. जमल्यास एका भागात आधी बदल करा, तसाच दुसरा भाग तुलनेला जुन्या रूपात ठेवा.

नशिबाचा वाटाही ओळखायला हवा. आर्थर अँडरसन या ऑडिट फर्मपासून वेगळी झालेली सल्लागार कंपनी अँडरसन कन्सल्टिंग १ जानेवारी २००१ पासून अ‍ॅक्सेंचर झाली, तीही लवादाच्या निकालानंतर जुनं नाव सोडावं लागलं म्हणून. त्याच वर्षाअखेरीस एन्रॉन कोसळली, तिचे ऑडिटर आर्थर अँडरसन बदनाम झाले आणि हे नामांतर दूरदृष्टीचं वाटू लागलं.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, बदलत असेल तर ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सोय) पानागणिक लावा. सगळी जुनी पानं होमपेजवर वळवली की सर्चमधली जागा जाते. रीडायरेक्ट किमान वर्षभर ठेवा, आणि जुन्या डोमेनचं नूतनीकरण त्यानंतरही चालू राहू द्या. ते सुटलं आणि दुसऱ्याने घेतलं, तर जुन्या पत्त्यांवर येणारे ग्राहकांचे ईमेल त्याच्या हाती पडू शकतात.