इंग्रजीतील गणनीय आणि अगणनीय नामे कशी ओळखावीत

एखादे नाम गणनीय (मोजता येणारे) आहे की अगणनीय (न मोजता येणारे), हे त्याच्या मराठी अर्थावरून ठरवू नये, कारण मोजण्याची सवय प्रत्येक भाषेची वेगळी असते. आपण ‘तांदूळ निवडले’, ‘तांदूळ धुतले’ असे सहज अनेकवचनात बोलतो. इंग्रजीला मात्र ‘राइस’ हा दाण्यांचा समूह न वाटता एकच पदार्थ वाटतो, म्हणून तेथे ‘द राइस इज गुड’ असे एकवचनी क्रियापदच येते. ‘दोन सल्ले दिले’ हे शुद्ध मराठी आहे, पण ‘टू अॅडव्हायसेस’ चुकीचे. त्यासाठी ‘टू पीसेस ऑफ अॅडव्हाइस’ म्हणावे लागते. ‘इन्फर्मेशन’, ‘फर्निचर’ आणि ‘लगेज’ यांनाही शेवटी ‘एस’ लागत नाही, आणि माझ्या मते सर्वाधिक चुका याच शब्दांत होतात.

शंका आल्यास नामापूर्वी ‘टू’ लावून पाहावे. ‘टू चेअर्स’ जमते, म्हणून ‘मेनी चेअर्स’ आणि ‘अ फ्यू चेअर्स’. ‘टू फर्निचर्स’ जमत नाही, म्हणून ‘मच फर्निचर’ आणि ‘अ लिटल फर्निचर’. रुपये मोजता येतात, तरी ‘मनी’ अगणनीयच राहते.

काही शब्द अर्थानुसार बाजू बदलतात: ‘पेपर’ म्हणजे कागद असेल तर तो अगणनीय, पण वर्तमानपत्र किंवा परीक्षेची प्रश्नपत्रिका असेल तर ‘अ पेपर’, ‘थ्री पेपर्स’ असे निःशंक लिहावे. इंग्रजी शिकणाऱ्यांसाठीच्या शब्दकोशांत सहसा अशी नोंद प्रत्येक अर्थापुढे स्वतंत्रपणे दिलेली असते, ती अवश्य पाहावी.