हलगीचा ठेका सॅम्पलरवर बांधावा की संगणकावर

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात कुस्ती रंगात आली की हलगीची लय चढू लागते, आणि ती चढत असताना वाजवणाऱ्याचा हात दोन ठोक्यांमधले अंतर कधीही तंतोतंत सारखे ठेवत नाही. त्या किंचित मागेपुढे होण्यामुळेच बाकड्यावर बसलेल्या माणसाचा पाय आपोआप हलू लागतो. हा ठेका घरी यंत्रावर उतरवायचा झाला तर वेगळा सॅम्पलर, म्हणजे नोंदवलेले आवाज पॅडवर बोटांनी वाजवता येणारे यंत्र, विकत घ्यावा की लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरवर भागवावे, असे बीट बनवू पाहणारी मुले मला वरचेवर विचारतात. आवाजाचा दर्जा आज दोन्हींकडे पुरेसा असतो. माझ्या अनुभवात खरा फरक पडतो तो निर्णय कधी घ्यावे लागतात यात, कारण सॅम्पलर ते आधीच घ्यायला लावतो आणि संगणक ते शेवटच्या रात्रीपर्यंत लांबवू देतो. म्हणून हलगीचा एकच ठेका दोन्ही वाटांनी कसा बांधावा, हे येथे सांगतो.

दोन्हींची पहिली पायरी एकच आहे, ती म्हणजे स्वतःचा नाद स्वतः नोंदवणे. जुन्या तबकडीवरून एखादा तुकडा उचलण्याचा मोह होतो, पण भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे टिकतो आणि गीताचा व चालीचा हक्क त्याहून वेगळा मोजला जातो. हलगी, तिच्या साथीचे खालच्या नादाचे घुमके आणि झांजेसारखे कैताळ वाजवणारे कलाकार हाकेच्या अंतरावर असताना ती उसनवारी करण्याचे कारणही नाही. कलाकाराची बिदागी आधी ठरवावी, त्याच्या आवाजाचे पुढे काय करणार हे त्याला स्पष्ट सांगावे आणि दोन ओळी लिहून त्यावर दोघांनी सह्या कराव्यात.

जुलैतल्या कोल्हापुरात कातड्याची हलगी शेकल्याशिवाय ध्वनिमुद्रणाला बसू नये, कारण दमट हवेत कातडे सैल पडते आणि कडकडाटाऐवजी नुसता फदफद आवाज येतो. शेकलेले पान थोड्याच वेळात पुन्हा उतरते, तेव्हा दर पाच-दहा मिनिटांनी थांबून ते तापवण्याची सोय जवळ असावी. फायबरचे पान असेल तर हा खटाटोप वाचतो, पण मला त्यात कातड्याचा खरखरीतपणा सापडत नाही. फरशीच्या मोकळ्या हॉलमध्ये आवाज घुमतो, म्हणून गाद्या-रजया असलेली लहान खोली निवडावी. माइक हलगीपासून दीड-दोन फुटांवर, पानाच्या अगदी समोर न धरता थोडा तिरका ठेवावा, आणि पातळी अशी लावावी की सर्वांत जोरकस ठोकासुद्धा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. हलगीचा ठोका क्षणार्धात उसळतो. त्या क्षणी आवाज फाटला तर पुढे कोणतेही सॉफ्टवेअर तो शिवून देत नाही.

आधी दोन मिनिटे सलग ठेका वाजवून घ्यावा. हा तुकडा जपून ठेवावा, त्याचा उपयोग पुढे येतो. मग सुटे ठोके घ्यावेत: जाड काठीचा मधला मोकळा ठोका, कडेचा ठोका, हाताने दाबून मिटवलेला ठोका आणि बारीक काडीचा एकटा आवाज. प्रत्येक प्रकार हलक्यापासून जोरापर्यंत पाच वेळा वाजवावा आणि नाद पूर्ण विरल्याशिवाय पुढचा ठोका मारू देऊ नये. वाजवणाऱ्याला हे कंटाळवाणे वाटते, आणि ते साहजिकच आहे. तरीही या पाच पातळ्या नसतील तर पुढे बीट शिलाई मशीनसारखा एकसुरी चालतो.

आता सॅम्पलरकडे वळू. खऱ्या वाद्यांचे नोंदवलेले आवाज वाजवणारे एलएम-१ हे ड्रम मशीन रॉजर लिन यांनी १९८० मध्ये आणले, आणि त्यांनीच रचलेले अकाईचे एमपीसी६० हे १९८८ मध्ये बाजारात आले. चार ओळींत चार अशा १६ रबरी पॅडची जी मांडणी आज सगळीकडे दिसते, ती रुळली या यंत्रामुळे. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये तर एकूण १० सेकंदांचाच आवाज मावत असे. मग लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ वर फिरवून आवाज भरून घेत, त्यात सुमारे पाव जागा वाचे, आणि नंतर यंत्रात तो सूर पुन्हा खाली उतरवीत. त्या यंत्राची नोंद १२ बिटांची आणि सेकंदाला सुमारे २६ हजार नमुन्यांची असल्यामुळे १३ किलोहर्ट्झच्या वरचे काही त्यात उरत नसे, आणि असा ताणलेला आवाज खरबरीत होई. त्या खरबरीतपणालाच पुढे लोक चव म्हणू लागले.

आजच्या सॅम्पलरवर जागेची अडचण नाही, तरी मी नवशिक्यांना १६ पॅडच्या बाहेर जाऊ देत नाही. कोणते १६ आवाज ठेवायचे हे ठरवतानाच अर्धा बीट ठरून जातो. सहा पॅड हलगीला, तीन घुमक्याला, दोन कैताळाला आणि उरलेले खालच्या बास आवाजाला व एखाद्या शिट्टीला किंवा आरोळीला द्यावेत. तुकडा कापताना सुरुवातीची शांतता पूर्ण काढावी, कारण ठोक्याआधी २० मिलिसेकंदांची पोकळी राहिली तरी पॅड आळशी वाटतो. मात्र लहर शून्य रेषेला छेदते तेथेच कात्री लावावी, नाहीतर दर ठोक्याला बारीक टिचकी ऐकू येते. मोकळा ठोका आणि मिटवलेला ठोका एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवावेत, म्हणजे दुसरा वाजताच पहिल्याचा नाद तुटेल. खऱ्या हलगीवर पानावर हात पडला की हेच घडते, पण ही एक गोष्ट विसरल्यामुळे कितीतरी बीटमध्ये एकाच हलगीचे दोन नाद एकमेकांत मिसळलेले मी ऐकले आहेत.

घुमक्याचा ठोका पाच अर्धस्वरांनी खाली उतरवून पाहावा. जुन्या पद्धतीने सूर उतरवला की लांबीही वाढते, आणि पाच अर्धस्वरांनी ती सुमारे एक तृतीयांशाने वाढते, म्हणजे ६०० मिलिसेकंदांचा ठोका ८०० चा होतो. त्या लांबलेल्या शेपटीत जो गुरगुराट येतो, तो पुढे बासची निम्मी जागा भरून काढतो.

आता लय. एमपीसीवर स्विंग, म्हणजे ठोक्यांच्या जोडीतला दुसरा ठोका मागे सरकवणे, ५० ते ७५ टक्के असा मोजतात, आणि तो काय करतो हे आकड्यांत पाहिले की कान लवकर तयार होतो. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली तर एक मात्रा ६२५ मिलिसेकंदांची आणि तिचा चौथा भाग सुमारे १५६ चा होतो. स्विंग ५० वर असेल तर असे दोन पाव भाग समान असतात. तो ६२ वर नेला की जोडीतला पहिला भाग सुमारे १९४ मिलिसेकंदांचा होतो आणि दुसरा ठोका साधारण ३७ मिलिसेकंद उशिरा पडतो. ६६ च्या आसपास ही चाल त्रिस्राकडे झुकते आणि हलगी ढोलकीच्या लावणीसारखी डोलू लागते. मला हलगीसाठी ५६ ते ६० हा टप्पा मानवतो. पण स्विंग फक्त उशीर करतो, आणि हलगीवाल्याचा हात काही जागी घाईही करतो, विशेषतः समेवर येण्याआधीच्या दोन ठोक्यांत. ती घाई कोणत्याही टक्केवारीत सापडत नाही. म्हणून कैताळ आणि बास यंत्राच्या स्विंगवर ठेवावेत, आणि हलगीसाठी ठोके आपोआप मोजलेल्या जागी ओढणारे ‘टायमिंग करेक्ट’ बंद करून ती बोटांनी, १५-२० वेळा, जमेपर्यंत वाजवावी. जलद कडकडाटासाठी, दाबून धरलेला पॅड पुन्हा पुन्हा वाजवणारे ‘नोट रिपीट’ चालू करून पॅडवरचा दाब हळूहळू वाढवला की चढती लय बऱ्यापैकी साधते.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. माझ्या जुन्या, हातोहात फिरून आलेल्या सॅम्पलरची स्मृती वीज असेपर्यंतच टिकायची. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तीन तास बसून कापलेले ४० तुकडे दिवे गेले तसे गेले, आणि दोष सर्वस्वी माझाच होता, कारण शेजारीच पडलेल्या फ्लॉपीवर ते उतरवण्याचा मी कंटाळा केला होता. जुने यंत्र घेतले असेल तर दर दहा तुकड्यांनी जतन करावे. २०२१ चा रोलँड एसपी-४०४ एमके२ सहा साध्या एए सेलवरही चालतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

संगणकाच्या वाटेवर पहिला अडथळा असतो विलंबाचा. पॅड दाबल्यापासून आवाज येईपर्यंतचा वेळ बफरवर, म्हणजे संगणक एका वेळी आवाजाचे किती नमुने साठवून पुढे पाठवतो त्यावर, ठरतो: सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर २५६ च्या बफरला सुमारे ६ मिलिसेकंद आणि १०२४ ला सुमारे २३ मिलिसेकंद एका फेरीला लागतात, आणि त्यात यंत्रणेचा इतर वेळ मिळतो. वर स्विंगने ३७ मिलिसेकंदांत ठेक्याचा स्वभाव बदललेला आपण पाहिला, तेव्हा २३ ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. विंडोजवर असाल तर विलंब कमी करणारा एएसआयओ ड्रायव्हर घालावा, वाजवताना बफर १२८ किंवा २५६ वर ठेवावा आणि मिक्सिंगला बसल्यावर तो वाढवावा. ब्लूटूथ हेडफोन लावून ठेका वाजवायला बसू नये.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावर फार काळ घालवू नये. फ्रूटीलूप्स या नावाने १९९७ मध्ये सुरू झालेला एफएल स्टुडिओ पायऱ्यापायऱ्यांनी ठेका भरण्यास सोपा आहे, मात्र त्याच्या चाचणी आवृत्तीत जतन केलेले काम पुन्हा उघडत नाही. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेने वापरून पाहता येते आणि जुन्या लॅपटॉपवरही हलके चालते. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट मिळतेच. हलगीसाठी मी एबलटन लाइव्ह वापरतो, आणि त्याचे कारण आहे सुरुवातीला जपून ठेवलेला तो दोन मिनिटांचा सलग ठेका.

त्या ठेक्यातल्या चांगल्या जमलेल्या चार मात्रा निवडाव्यात आणि त्यांतून ‘एक्स्ट्रॅक्ट ग्रूव्ह’ करावे. कोणता ठोका किती मागे, किती पुढे आणि किती जोराचा आहे, याचा साचा सॉफ्टवेअर काढून देते, आणि तो साचा मग कैताळावर, बासवर किंवा हाय-हॅटवर चढवता येतो. सॅम्पलरवर हेच काम कानाने आणि बोटांनी करावे लागते. साचा पूर्ण १०० टक्के लावू नये, ६० ते ७० पासून सुरुवात करावी, कारण सगळी वाद्ये एकाच वेळी एकाच ठिकाणी चुकू लागली की ती चूक न वाटता पुन्हा यंत्रच वाटू लागते. क्वांटाइझचीही, म्हणजे ठोके रेषेवर ओढून बसवण्याचीही, टक्केवारी असते. ती १०० वर ठेवण्याची सवय माझ्या मते नवशिक्यांच्या बीटचे सर्वाधिक नुकसान करते, आणि पडद्यावर सगळे चौकोन रेषेला टेकलेले पाहण्याचे समाधान त्यामागे असते. म्हणून ठेका तपासताना पडदा बंद करावा आणि फक्त ऐकावे.

संगणकाचा वरचष्मा मांडणीत दिसतो. आठ मात्रांचा तुकडा जमल्यावर त्याचे तीन मिनिटांचे गाणे करायचे असते, म्हणजे कुठे हलगी एकटी सोडायची, कुठे घुमके काढून घ्यायचे, कुठे सगळे थांबवून एका मात्रेची शांतता द्यायची, हे लांबच लांब पट्टीवर समोर पसरलेले दिसते. सॅम्पलरच्या छोट्या पडद्यावर हेच काम म्हणजे किल्लीच्या भोकातून महाद्वार रोड पाहणे. शिवाय घुमके आणि बास एकमेकांच्या अंगावर येत असतील तर घुमक्यातला १०० हर्ट्झखालचा भाग थोडा कापावा, त्याचा परिणाम लगेच दिसतो आणि ऐकूही येतो. कैताळ फारच चमकत असेल तर त्यावर बिटक्रशर, म्हणजे आवाज मुद्दाम कमी बिटांचा करणारा इफेक्ट, १२ बिटांवर लावून पाहावा, कैताळ दोन पावले मागे सरकते.

दोन्ही यंत्रे जवळ असतील तर बीट सॅम्पलरवर वाजवावा आणि मांडणी संगणकावर करावी, हाच क्रम मला सोयीचा वाटतो. यूएसबीने किंवा मिडी तारेने (मिडी म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना सूचना पाठवण्याची पद्धत) दोन्ही जोडून लयीचा मालक संगणकाला करावे. मिडीचे घड्याळ प्रत्येक मात्रेला २४ स्पंद पाठवते, आणि त्यावर सॅम्पलर चालतो. जोडल्यावर सतत हुंकारासारखी गुणगुण ऐकू आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावे. बहुतेक वेळा ती थांबते, आणि थांबली तर दोन्ही यंत्रे एकाच नीट अर्थिंग असलेल्या बोर्डवर लावावीत. प्रत्येक पॅडचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर नोंदवावा. सगळे एकाच स्टीरिओ फायलीत ओतले तर हलगी एक डेसिबल कमी करण्यासाठी पुन्हा पहिल्यापासून बसावे लागते.

पैसे एकदाच खर्च करता येणार असतील आणि लॅपटॉप आधीच असेल, तर १६ पॅडचा साधा मिडी कंट्रोलर (स्वतः आवाज न करता संगणकातले आवाज वाजवणारा) घ्यावा आणि उरलेल्या पैशांत एक बरा माइक घ्यावा. सॅम्पलर नंतर घेता येतो. पण दिवसभर कार्यालयात पडद्यासमोर बसून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा पडदा नको वाटतो, त्याने उलटा क्रम धरला तरी माझी हरकत नाही.

मिक्स झाल्यावर तो तीन ठिकाणी ऐकावा: हेडफोनवर, मोबाइलच्या स्पीकरवर आणि ओळखीच्या रिक्षावाल्याच्या मागच्या स्पीकरवर. मोबाइलवर बास नाहीसा होतो, तेव्हा घुमक्याचा वरचा टणत्कार ऐकू येतो की नाही ते पाहावे, आणि येत नसेल तर तेथे दोन डेसिबल वाढवावेत. रिक्षात नेमके उलटे होते, बास सगळे गिळतो, म्हणून हलगीच्या काडीचा आवाज शोधावा. दोन्हीकडे हलगी कानाला लागली की २४ बिटांची वेव्ह फाइल काढावी, प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फायलीही त्याच फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि फोल्डरच्या नावात लय व तारीख लिहावी, म्हणजे सहा महिन्यांनी एखादा शाहीर किंवा रॅपर दारात आला तर ‘फायनल नवीन २’ उघडून पाहत बसावे लागणार नाही.